अत्बाराच्या सांधेवाल्याकडून

देशा,
मला भाषण येत नाही.
एकेचाळीस वर्षं सांधे बदलले मी अत्बारा यार्डात,
बोलायचं ते कंदिलानं:
लाल, हिरवा,
आणि नुसता हात हलवून, सावकाश.

आज सकाळी गाडी गेली खार्तूमला.
डब्यांत माणसं, टपावर माणसं,
दोन डब्यांमधल्या साखळीपाशी एक न्हावी
हत्यारांची पेटी पोटाशी धरून.
तिकडे दाढीला कुणाला सवड असणार, विचारलं मी.
म्हणाला, काका, तुरुंगातून सुटून येतील ना लोक.

टपावर माझी नात, इज्दिहार,
आजीचा पांढरा तोब वाऱ्यानं फुगलेला.
उतर म्हणायला मी हात वर केला
आणि जन्माची सवय, बघ,
हात हलला तो
गाडीला वाट मोकळी देणारा.

तेव्हापासून फलाटावर बसलोय, कडुनिंबाखाली.
फोन मुका.
नदीपल्याड हबूब उठलाय, विटकरी,
उंटांनी तोंडं फिरवली आहेत.

खोटं कशाला बोलू?
दोनदा पाहिलंय मी तुला उठताना.
पहिल्यांदा तेवीस वर्षांचा होतो, घसा बसेस्तोवर ओरडलो.
दुसऱ्यांदा चव्वेचाळीसचा,
बतूलनं खिशात खजूर भरून दिले होते.
दोन्ही वेळा वाटलं, झालं.
दोन्ही वेळा आम्ही घरी जाऊन झोपलो
आणि कुणीतरी रात्रीत सांधा मागे ओढला.
सकाळी पाहतो तर गाडी
त्याच जुन्या बराकीपाशी उभी.

म्हणून जे एकच काम येतं, त्यातलंच सांगतो.
सांधा सरकतो जेमतेम चार-पाच बोटं.
आत बसलेल्याला कळतही नाही.
बाक तोच, खिडकीतली वाळू तीच,
समोरच्याचं घोरणंही तेच.
मग कोसभर गेल्यावर कुणीतरी पोर विचारतं,
नदी तर त्या बाजूला होती ना?

पण दांडा धरून ठेवावा लागतो.
तळहाताला फोड आले तरी,
इंजिन पुढे गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या तरी.
शेवटच्या डब्याचा दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय
तंबाखूची डबी उघडायची नाही.
आम्ही उघडली होती.

सित्तना आहे तिथे, छावणीच्या दाराशी.
आमच्याच गल्लीतली.
नवरा गेला तेव्हा एक शेगडी आणि अकरा पेले घेऊन
राजधानीत चहा विकायला गेली.
चार वेळा लाथाडली शेगडी शिपायांनी.
परवा तिचा निरोप आला, एका ट्रकवाल्याकडून:
रात्री पोरं विटा रचून रस्ता अडवतात,
रुग्णवाहिका आली की हातोहात काढतात,
गेली की पुन्हा रचतात.
भिंत ज्यानं बांधली त्यानंच वाट करून द्यावी,
असं मी कुठल्या राजवटीत पाहिलं नव्हतं.
आणि त्या चौघांतला एक शिपाई
बूट काढून तिच्या स्टुलावर येऊन बसला.
हिनं विचारलं, साखर किती?
एवढंच विचारलं.

आता रात्र झाली आहे.
गाडी पोचली का, कळायला मार्ग नाही.
मघाशी गुडघे मोडत खाली बसलो,
रुळाला कान लावला.
दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट आहे.
आवाज काही नाही.
पण लोखंड तेच, देशा,
माझ्या कानाखाली सुरू होऊन
तुझ्या तळव्यांपाशी जाणारं.

कंदिलात तेल घातलंय.
हिरवी काच पुसून ठेवली.
लालही पुसली,
या वेळी कुणी सांधा ओढायला आलाच
तर तिचंही काम पडेल.