पांढरा फॉर्म

झेन्सव्हिलला शुक्रवारी संध्याकाळी
माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळतात.
तेलाचा वास पार्किंगपर्यंत येतो.
तीन शुक्रवार मी गाडीत बसूनच परत गेले.
चौथ्या शुक्रवारी उतरले.

दाराशी घडीच्या टेबलामागे ऑर्व्हिल स्टुपका,
सभासद नोंदणी त्यांच्याकडे.
वर न बघता त्यांनी निळा फॉर्म सरकवला.
बायकांचा फॉर्म.
मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालला असता,
इथे त्याचा एकच अर्थ होता:
"नवऱ्याची सेवा कुठल्या सालची?"

म्हटलं, नवरा टाइल्सच्या दुकानात आहे.
त्याने जन्मात नेम धरला तो जत्रेतल्या फुग्यांवर,
तेही चुकले.
मला पांढरा द्या.

पांढऱ्यावर चौकटीच चौकटी.
या तारखेपासून त्या तारखेपर्यंत.
युद्ध सरकारी तारखांत नीट बसतं,
माणसं आपापल्या सवडीने बाहेर येतात,
काही येतच नाहीत, त्यांना चौकट नाही.
सेवामुक्ती कशी? सन्मानपूर्वक.
परदेशी तैनाती? इराक, अकरा महिने.
मधलं नाव? केशव.

"हा केशव कोण?"

माझे वडील. इस्लामपूरला साखर कारखान्यात टाइमकीपर,
हयात गेली दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडण्यात.
मी भरती झाले त्याच्या आदल्या वर्षी वारले.
तरी सैन्याच्या एकेका कागदावर, पगाराच्या, लसीच्या,
बुटांच्या मापाच्या,
माझ्या नि आडनावाच्या मधे
केशव हजर.

मग काम. मी लिहिलं:
कपडे धुणं, आंघोळीचे तंबू, शिवण.

लोक विचारतात ना नाना गोष्टी.
शेजारचा कोडी, वय नऊ: किती मारले?
बँकेतली बाई: तुम्ही? खरंच?
आणि आई, फोनवर, अकरा महिने रोज एकच:
शाकाहारी मिळतं का गं तिथे?
सगळ्यांत सोपं उत्तर आईचं होतं.
खिशांबद्दल कोणी विचारत नाही.
धुण्याआधी खिसे रिकामे करायचे, असा नियम.
च्युइंगम. स्क्रू. कोणाच्या तरी मुलीचा
चांदीच्या कागदात गुंडाळलेला दुधाचा दात.
गणवेश परत न्यायला जो आला
तो दुसराच कोणी होता.
दात मी त्याच्या हातात दिला,
त्याने तो न उघडता मूठ मिटली.

हे फॉर्मवर लिहायला जागा नव्हती.

ऑर्व्हिलनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
कफाचं बटण एका दोऱ्यावर लटकत होतं.
"व्हिएतनामच्या सालात मी जर्मनीत होतो," ते म्हणाले,
"दोन वर्षं बटाटे सोलले.
तारखा बसतात म्हणून आत आहे.
शाळेत मुलं विचारतात तेव्हा बटाट्यांचं सांगत नाही."
मग जरा थांबून:
"निघायची का ती धूळ?"

माझ्या इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कोणी विचारलं.

नाही, म्हटलं. तिसरं पाणीसुद्धा
पिवळंच जायचं.

ते मान हलवत राहिले,
जणू हाही एक रकाना होता आणि तो आता भरला.
शेवटची ओळ: शिफारस करणारा सभासद.
मी कोणालाच ओळखत नव्हते.
त्यांनी फॉर्म आपल्याकडे फिरवला आणि तिथे
थरथरत्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.
वर्गणी चाळीस डॉलर. पावती हाताने.

मासे मी खात नाही म्हटल्यावर
पत्रावळीसारख्या कागदी थाळीत
तळलेल्या बटाट्यांचा ढीग घेऊन तेच आले.
"हे मी सोललेले नाहीत," म्हणाले.

मी लांब टेबलाच्या टोकाला बसले.
शेजारचा टोपीवाला वाकला, अगदी प्रेमाने:
"तर मग, तुझा नवरा कुठल्या युनिटचा?"
माझ्या तोंडात गरम घास होता.
दाराशी ऑर्व्हिल पुढची पावती फाडत होते,
तिथूनच ओरडले,
"टाइल्स!"