सातवा पाय

शाळा बंद पडली तेव्हा नाझीब्रोला मॅडमनी
मायक्रोस्कोपची चार भिंगं रुमालात बांधून दिली.
"घे, गुबाझ. नाहीतर भंगारात जातील."
तीन वर्षं ती माझ्या मोज्यांच्या खणात पडून होती.

मी रोपवेचा माणूस. चियातुरात छत्तीस वर्षं
दरीच्या या काठावरून त्या काठावर
खाणीतली माणसं पोचवली, लोंबत्या डब्यांतून.
तारेचा एक पदर तुटला तरी मला दातांत कळायचं.
आता हात थरथरतात. बशी किणकिणते.
त्सिउरी काही बोलत नाही, कप अर्धाच भरते.

म्हणून हे यंत्र.
हात न लावता बघता यावं म्हणून.

मोडीतल्या लेथची सरकपट्टी,
तिचा स्क्रू एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकतो.
त्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण, कडेला शंभर रेघा
ब्लेडने कोरलेल्या. सत्तरच्या पुढे जरा दाटी झालीय,
तेव्हा जेवायला हाक आली होती.
भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये नळाच्या पाइपचा तुकडा,
आतून सासूबाईंच्या टोपीचं काळं मखमल,
उजेडाने आत भटकू नये म्हणून.
झाकणापासून खुर्चीपर्यंत मासे धरायची दोरी,
मध्ये शिलाई मशीनचं चाक:
माझी थरथर तिथंच जिरते.

दिव्यांवर मात्सोनीचे रिकामे डबे उपडे.
उघड्या दिव्याखाली किड्याची पाठ ताटासारखी चमकते,
डब्याआडून उजेड झिरपला की
तीच पाठ पिकल्या आलुबुखाराची.
"मात्सोनी संपली?"
"नाही. डबा हवा होता."

एका वेळी केसाच्या जाडीइतकंच स्पष्ट दिसतं.
डोळा सापडला तर सोंड धुक्यात.
मग एक फोटो, एक रेघ पुढे, थांब,
सगळं स्थिर होऊ दे, पुन्हा.
दिवसा मँगनीजचे ट्रक जातात, फरशी हलते.
दोन वाजल्यानंतरच दरी निजते.

तो सोंडकिडा खिडकीत उताणा सापडला होता, पाय मिटून.
मेला समजून टाचणीच्या टोकावर
डिंकाच्या थेंबात बसवला.
एकशे चाळीस फोटो. पहाट झाली.
कंप्युटरने ते एकावर एक रचले
आणि मी पाय मोजले.

सात.

सहा लख्ख, अगदी नख्यांवरची लव दिसेल असे,
आणि सातवा धुरासारखा, अर्धवट उचललेला.
एक्क्याण्णवाव्या फोटोत, दिव्याच्या उबेत,
त्याने सोंग सोडलं होतं.

मी त्सिउरीला उठवलं. तिने चष्मा लावला,
कोमट पाण्यात ब्रश बुडवला,
आणि एकेक पाय सोडवत गेली.
मी श्वास रोखून लांब उभा होतो, हात खिशात.
तो चालत खिडकीच्या कडेपर्यंत गेला, तिथे थांबला,
पुन्हा मेला.

फोटो आता फ्रिजवर आहे. बिघडलेला.
नीट काढायला हवा पुन्हा, दुसऱ्या कुणाचा तरी.
"आधी फुंकर मारून बघत जा,"
ती म्हणाली, आणि कप
काठोकाठ भरला.