वरचे शब्द

अमळनेर–चोपडा, सकाळची साडेसातची गाडी.
एकोणीस वर्षं मी तिच्यात उभा होतो.
तिकिटांचा हिशेब डेपोत द्यायचो,
निरोपांचा कधी कुणी मागितला नाही.

डबे यायचे, औषधाच्या बाटल्या,
भरताच्या वांग्यांची पिशवी, शाळेचा दाखला,
आणि खिडकीतून आत फेकलेली वाक्यं:
"निंबाभाऊ, चहार्डीले सांगजो, म्हैस व्यायनी."
"सांगजो, पोरगा पास व्हयना."
लिहून घेत नव्हतो.
सावखेड्याच्या पुलावर गाडी चढली
की तापीकडे बघत एकदा सगळं म्हणायचो,
पाढे म्हणावेत तसं.

पातोंड्याचे सुपडू अप्पा फाट्यावर यायचे.
दोन वर्षं नुसतेच यायचे. निरोप काही नाही.
एकदा, चैत्र सरता सरता,
गाडीच्या पत्र्याला हात टेकून म्हणाले,
"मंजुळाले सांग, आखाजीले ये."
आणि पाठ फिरवली.

चहार्डीत मंजुळा शेणाच्या हातांनी बाहेर आली.
मी सांगितलं. ती हलली नाही.
"आखो काय?"
गाडी चालू, ड्रायव्हर हॉर्न मारतोय,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
"म्हने, मनमा काही राग नही शे."

आखाजी झाली. झोका बांधला असेल, गौराई बसली असेल,
बापलेकीत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.
पुढच्या सोमवारी अप्पा फाट्यावर होते.
माझ्याकडे बराच वेळ बघितलं.
सांजोऱ्यांची पिशवी हातात दिली, म्हणाले,
"तू एक तिकीट जास्तीनं फाडं रे."

आता फोन आहे. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.
नातवाचं पहिलं रडणं मी सुरतेहून ऐकलं,
इथे, ओट्यावर बसून, चहा निवायच्या आत.
कुठल्या गाडीने आणलं असतं ते?
तो विसरत नाही, पुलावर थांबत नाही,
जे दिलं तेच पोहोचवतो,
काना-मात्रेचा फरक नाही.

परवा हर्षलला मीच लिहिलं:
'घर तुझं आहे, कधी यायचं ते तू ठरव.'
बोललो असतो तर त्यात हसू आलं असतं.
लिहिलं, तर ते दगडासारखं बसलं.
दोन निळ्या खुणा. मग तीन दिवस काही नाही.

आज रात्री अकराला फोन उजळला.
वर त्याचं नाव, खाली एवढंच:
'हा मेसेज डिलीट केला गेला आहे.'

मी तो उघडून बघतोय. बंद करून परत उघडतोय.
एवढ्या लांबून काहीतरी निघालं होतं,
दारापर्यंत आलं होतं,
आणि मध्ये उभा राहणारा कुणी नव्हता,
ज्याला दंडाला धरून विचारावं,
बाबा, निघताना त्याचा चेहरा कसा होता?

आतून बायकोने विचारलं, "कुनी भेजं?"
"हर्षलनी."
"काय म्हने?"

सवय जात नाही.
हात आपोआप वर गेला, जिथे गाडीत दांडी असायची.
म्हणालो,
"म्हने, मनमा काही राग नही शे."

ती दारात आली. ओले हात पदराला पुसत.
"आखो काय?"