उणे बारा

कॅमेरा आला तो मेच्या सतराला.
पुण्यातली कुठलीशी कंपनी बुडाली, तिच्या लिलावातला.
लश्करात तेव्हा पारा सेहेचाळीस,
आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं:
भोवतालापेक्षा चाळीस अंश खाली नेतो.
वजाबाकी केली. सहा उरले.
सहा अंश म्हणजे आपला फ्रीज.

रईस मिस्त्री कूलरचं गवत बदलायला आले होते.
त्यांना दाखवलं, मागं दोन नळ्या आहेत,
पाणी खेळवलं तर अजून उतरेल.
"ठंडा क्या करना है, मॅडम?"
मी करंगळीचं नख पुढं केलं.
"इतनी-सी जगह?"
हसले, पण छोटा पंप ठेवून गेले,
आणि पंपासोबत तन्वीरला. अकरावीतला,
फिजिक्समध्ये गती नाही, असं बापाचं मत.

सुरई मुरारच्या कुंभाराची. तिच्यातलं पाणी चोवीस.

सिलिकाचे खडे ओल धरून गुलाबी पडले होते.
जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले, रव्यासारखे,
निळे होईतो.
घरात कसलाच वास सुटला नाही,
तेवढं चुकल्यासारखं वाटलं.

मग कूलर बंद केला.
त्याची ओली हवा कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरते.
आम्ही दोघं घामाघूम,
खोलीत सुखात फक्त ती नखाएवढी जागा.

गारवा एकदम द्यायचा नाही.
पाच-पाच अंश, मध्ये थांबत,
गरम चहा ओतण्याआधी काचेच्या पेल्याला जपतो तसं.
पंधरा. दहा. पाच.
शून्यावर तन्वीरनं श्वास धरला,
जणू तिथं उंबरठा असेल.
उणे पाच. उणे बारा. पुढं नाही.

पहिला फोटो झाकण लावून.
"अंधाराचा?"
अंधाराचाच. पाच मिनिटांचा.
त्यात ठिपके निघतात. बरेचसे चिपचे स्वतःचे,
एखादी रेघ आकाशातून घुसलेल्या कुण्या कणाची.
ते आधी ओळखून ठेवायचे,
नाहीतर नंतर ताऱ्याच्या माथी मारले जातात.
तन्वीरनं मोजले. एकशे चार.
मग स्वतःशीच म्हणाला,
"ये सब हमारे हैं."

टेस्टरमधला निऑन फटीपुढं धरला,
इलेक्ट्रिशियनच्या खिशातला, पंधरा रुपयांचा.
पडद्यावर काड्याच काड्या. त्यांच्यावरून मोजपट्टी बसवली.

एकतीस वर्षं मी फळ्यावर वर्णपट काढला,
रंगीत खडूंनी.
जांभळा खडू कायम संपलेला असायचा.
शेवटचा पट्टा मुली वहीत आपापल्या भरून घ्यायच्या.

अकरा चाळीसला अभिजित पुरेसा वर आला.
गच्चीवरच्या दुर्बिणीतून फायबर खिडकीवाटे खोलीत आणलेला.
आणि लाईट गेली.

दुर्बीण स्कूटरच्या बॅटरीवर होती, तिला कळलंही नाही.
कॅमेरा इन्व्हर्टरनं धरला.
पंप इन्व्हर्टरवर लावायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
उणे दहा.
उणे आठ.
तन्वीरनं सुरई उचलून कपाटावर ठेवली,
नळी तोंडानं ओढली, खाकरला, सोडली.
पाणी आपल्या वजनानं उतरलं,
कॅमेऱ्यामागून फिरून बादलीत.
बादलीतून तांब्यानं परत वर.
स्टुलावर उभं राहून चाळीस मिनिटं, एक शब्द नाही.
उणे नऊ. उणे अकरा. उणे बारा.
बाहेर जीवाजीगंजापासून कंपूपर्यंत काळोख,
शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वीज मंडळाचा उद्धार करत होतं.

राखाडी पट्टी उमटली. तिच्यात रिकाम्या जागा,
हायड्रोजननं खाल्लेल्या,
एक, मग दुसरी, मग तिसरी,
जांभळ्या टोकाकडे जवळजवळ येत गेलेल्या.
बराच वेळ मी लॅपटॉपवरून हात उचलला नाही.
तन्वीरनं विचारलं, अब पानी बंद करूँ?

सकाळी रईस मिस्त्री पंप न्यायला आले. सीझन आहे.
पट्टी पाहिली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिली.
"कितना नीचे गया?"
उणे बारा, म्हटलं.
त्यांनी मान डोलावली, कारागिरानं डोलवावी तशी.
"पंप हमारा था."

तन्वीर जिन्यात चप्पल शोधत होता.