पाहुण्यांची बाजू

तवंदी घाटात टेम्पोला धाप लागली
आणि आम्ही अकराच्या अकरा जण शिंकत होतो.
काल याच फळ्यांवर तंबाखूची बोदं होती.
बाबगोंडा म्हणाला, शिंका इथंच संपवा,
पेनल्टीच्या टायमाला नकोत.

हत्तरगीच्या नाक्यावर पावती फाडली.
वंटमुरीच्या उतारावर इजाजनं ढोल आवळला.
बेळगावात शिरलो तर दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलेलं.
मालगाडी. बावन्न डबे, पुतण्यानं मोजले.
पहिली दहा मिनिटं त्या डब्यांमागंच गेली.

दारात हवालदारानं झेंडा उलगडायला लावला.
आमच्या भागात झेंडा म्हटला की
आधी रंग बघतात, मग माणूस.
'हे कसलं?'
'फुटबॉलचं, साहेब.'
'बण्ण यावुदु?'
'जांभळा. अजून कुणी घेतलेला न्हाई.'
हसला तो. पण काठी काढून घेतली.
तिथून पुढं झेंडा म्हणजे चादर,
चौघांनी चार कोपरे धरायचे.

गोलपोस्टामागं तीन पायऱ्या आणि तोंडावर ऊन,
एवढी आमची बाजू.
भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं: पाहुणे.
त्याच्या वर तेच, कन्नडात, जरा मोठ्या अक्षरात.
थोरल्या बहिणीचं घर इथून चालत दहा मिनिटं.
तिथंही मी तीस वर्षं पाहुणाच आहे,
पण तिथं पाट मांडतात,
पाठीशी लाठी घेऊन कुणी उभं राहत नाही.

मैदान त्यांचं. वारा त्यांचा. शेंगावालासुद्धा
आमच्या पायऱ्यांपाशी येऊन परत फिरायचा.
लाल सदऱ्यांच्या त्या भिंतीतून एकच आरोळी उठायची:
'होडी! होडी!'
पुतण्या कागलचा. त्यानं विचारलं,
'काका, होडी कुठाय?'
अरे, होडी म्हणजे मार. हाण बॉल.
नाक्यापलीकडं वाढलेलं पोर,
वीस किलोमीटरवर त्याची होडी पाण्यात आहे.

शिव्या दोन्हीकडून, दोन्ही भाषांत.
त्यांच्यातला एक टकल्या तर
आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत देत होता,
व्याकरणाला तोड नाही.

एकाहत्तराव्या मिनिटाला
बॉल आमच्या सुहेलच्या पायात आला, पुढं फक्त गोलकीपर,
आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, आलं
'होडी!'
बाबगोंडा माझ्याकडं बघत राहिला.
सुहेलनं मारली.

जाळी हलली, आणि मग
चार हजार माणसं गप्प होतात तेव्हा जे ऐकू येतं
ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.
दूर कुठं प्रेशर कुकरची शिट्टी.
आणि आमचे अकरा घसे,
समोरच्या कंपाउंडला आपटून आमच्याकडंच परत येणारे.
जिंकलो असं नाही वाटलं.
कुणाच्या तरी घरात मोठ्यानं बोललो, असं वाटलं.

पुढचं सांगण्यात राम नाही.
दोन गोल. दुसरा तर आमच्याच पोराच्या गुडघ्याला लागून.

ताईला फोन नाही केला.
रिकाम्या हातानं जाता येतं एखाद्या वेळी,
हरून रिकाम्या हातानं जमत नाही.

आणि टेम्पो सुरू होईना.
अंधारात लाल सदऱ्यांची टोळी आली तेव्हा
इजाजनं ढोल पोटाशी धरला.
त्यांनी बाह्या सारल्या, मागच्या फळीला खांदे लावले.
'नूक्री! नूक्री!'
त्यातला एक खांदा ओळखीचा निघाला.
'मामा, घरला न येता निघालाय व्हय?
थांबा, आईला सांगतो.'
इंजिन तेवढ्यात लागलं, नशीब.
शेवटच्या धक्क्याला तो टकल्या होता.
त्यानं जाता जाता एक शिवी दिली, हळू आवाजात,
म्हणजे संभाळून जावा.

घाट उतरताना झेंडा पुतण्याच्या अंगावर टाकला.
झोपेत त्यानं एकदा जोरात लाथ झाडली.
मी माझे पाय जवळ ओढून घेतले.