दोन उपास

मार्गशीर्षातला गुरुवार, घरात मासळी नाही,
आणि वरच्या खोलीतली पाहुणी
सकाळपासून चहालासुद्धा नको म्हणते.
शालन जिऱ्याचं पाणी घेऊन वर गेली
ती हसतच खाली आली:
"अवो, तिचोय आज उपास आसा.
चांदणी दिसासर कायएक खाना नाय."

बोगुमिला तिचं नाव.
शालनच्या तोंडात ते दोन दिवसांत बकुळा झालं.
पोलंडची. गोव्याला निघालेली,
वेंगुर्ल्यात गाडी बदलायला उतरली,
बंदरावर सूर्य बघत बसली
आणि शेवटची एसटी सुटली.
त्याला आज पाच दिवस.

दुपारी तिने मूठभर गवत मागितलं.
आमच्याकडे आता गुरं नाहीत.
दाजी केरकरांच्या उडवीतून
मी नव्या भाताचं काढून आणलं,
कशाला म्हणून विचारतील, म्हणून न विचारताच.
तिने ते टेबलावर पसरलं,
वर पांढरी चादर घातली.
खोलीभर कापणीचा वास.

तिन्हीसांजेला कलश मांडला, पोथी काढली.
बकुळा भिंतीला टेकून पूर्ण पोथी ऐकत बसली,
नजर कलशातल्या पाच डहाळ्यांवर.
मग हात डोक्याच्याही वर नेऊन म्हणाली,
आमच्यात एकच झाड. एवढं.

जेवणात बारा पदार्थ हवेत म्हणे.
काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळ्या, खीर,
भोपळ्याची भाजी, सोलकढी, भात, वरण,
मीठ, लिंबू, लोणचं, पापड.
अकराच झाले.
शालनने तांब्या पुढे सरकवला:
"ह्या पाणी. बारावा."

मग आम्ही तिघं गच्चीवर.
चंद्र केव्हाचा वर आलेला, तो चालत नाही.
पश्चिमेला धुरकट,
दीपगृहाचा झोत येतो, जातो, तोही नाही.
शालनचा पाय दुखायला लागला.
तेवढ्यात विघ्नेशचा फोन.
जहाज अँटवर्पला लागलंय,
गावात सगळं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही,
दिवे मात्र ढीगभर.
"जेवलंस काय?"
"बिस्किटां खाल्लंय. भांडारी मीच मां,
सगळे गेले फिराक, कोणासाठी रांधू?"
"कोणी जेवक बोलवल्यानी नाय तुका?"
तो हसला. रेंज गेली.

आणि बकुळा ओरडली.
तिचं बोट समुद्रावर,
काळोख जिथून सुरू होतो त्या रेषेच्या जरा वर
एक बारीक पिवळा ठिपका.
मला दिसलं, तो हलतोय.
आमच्या बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल,
ही डोलकाठीवरची बत्ती.
तिच्या डोळ्यांत पाणी होतं.
मी म्हटलं, होय, चांदणीच.
शालनने माझ्याकडे एकदा बघितलं
आणि खाली पानं घ्यायला गेली.

आईने पाटवलेलं पाकीट बकुळेने फोडलं.
कागदाहून पातळ पांढरी चकती, वर नक्षी,
टपालात तिचे चार तुकडे झालेले.
तिने एक पुढे केला, त्यातला आम्ही मोडला,
आमच्यातला तिने.
शालनने तो आधी डोळ्यांना लावला.

पानं तीन. बकुळेने चौथं मांडलं.
कोणाचं, विचारलं तर दाराकडे हात केला:
येईल त्याचं.
हे शालनला समजावून सांगावं लागलं नाही.
तिने वाढायला सुरुवात केली ती त्या पानापासून,
आधी मीठ, मग लिंबू,
मग खीर, वाटीला काठ राहील इतकीच,
जास्त गोड त्याला चालत नाही.
कोणी काही बोललं नाही.
पापड मोडल्याचा तेवढा आवाज.

सकाळी सहाला ती चांदणी जेटीला लागली.
फळीवर धडाधड बांगडा उतरत होता,
तांडेल बत्ती विझवून विडी ओढत बसलेला.
शुक्रवार होता.
मी पिशवी घेऊनच गेलो होतो.