पाय तेवढे माझे

पाठारे मास्तरांचा स्टुडिओ खेतवाडीत.
खाली छापखाना, वर टर्पेंटाइनचा वास.
सहा वर्षं मी बसत होते तिथं, तासाला दीड रुपया.
त्या जानेवारीत मास्तर म्हणाले, चांगुणा,
आठवडाभर तू नुसता चहा कर.

ती आली. फुमिए. जपानातली नटी.
अंधेरीला कुठल्याशा सिनेमाचं काम होतं तिचं, रात्रीचं;
सकाळी मोकळी.
दुभाषा म्हणून वरळीच्या जपानी देवळातला भिक्खू.
तो भिंतीकडे तोंड करून बसे
आणि मास्तरांचं अर्धंच बोलणं तिला सांगे.

मला वाटलेलं, नटी आहे, दगडासारखी बसेल.
तिला थांबताच येईना.
पापणी हलायची, मान वळायची,
कुणीतरी 'कट' म्हणेल म्हणून वाट बघायची.
कॅमेऱ्यापुढे म्हणे इतका वेळ कुणी गप्प नसतं,
मेलेल्याचं काम असलं तरी.

मग मी किटली खाली ठेवली, तिच्या शेजारी बसले,
मराठीतच सांगितलं:
भार डाव्या कुल्ल्यावर टाक, बाई.
श्वास पोटातून घे.
पायाला मुंग्या आल्या तर येऊ दे,
आपणहून जातात वारुळात.
आणि मनात काहीतरी धरून ठेव, घरचं, बारीकसं.
मी रॉकेलची रांग धरते.

भिक्खूनं यातलं किती सांगितलं देव जाणे.
ती हसली, आणि बसली. दीड तास.
तिनं काय धरलं होतं, मी विचारलं नाही.

शनिवारी बॅलार्ड पियरवरून तिची बोट सुटली.
अंगठा वेगळा असलेले ते पांढरे मोजेही गेले तिच्याबरोबर.
चित्रात चेहरा झाला होता, मान, रेशमाच्या घड्या;
खाली पावलं तेवढी कोरी.
मास्तर म्हणाले, चांगुणा, चप्पल काढ.

दिसेल तसंच काढणारा माणूस.
टाचेची भेग काढली.
अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याचा फिकट वळ होता
(नवरा मेला नव्हता,
मीच निघाले होते त्याच्या घरातून,
जोडवी गहाण टाकून)
तोही काढला.

चित्र तिकडे गेलं.
खूप वर्षांनी मास्तरांना पत्र आलं, टाइप केलेलं:
पायाच्या बोटावरची ती गोल खूण कशाची?
आमच्याकडे अशी चाल नाही.
मास्तरांनी वाचून दाखवलं, चष्मा पुसला,
काय कळवू म्हणाले.

मी म्हटलं, लिहा,
जोडवी गहाण आहेत.
व्याज भरतेय अजून.